दाब दीड, आकाश निरभ्र

मिन्चोचा व्याही वेलिझार हा हवामान खात्यातून निवृत्त झालेला माणूस. एकतीस वर्षं त्याने डोंगरावरच्या वेधशाळेत सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता वारा, ढग आणि हवेचा दाब वहीत लिहून ठेवला. निवृत्त झाल्यावर वेधशाळा वर राहिली आणि सवय त्याच्याबरोबर खाली आली. डोंगराखालच्या त्र्यावना गावात नवं घर बांधायला घेतलं त्या दिवसापासून तो घराच्या नोंदी ठेवत होता: कोंबड्यांनी किती अंडी दिली, कुठल्या खिडकीला घाम आला, पोस्टमन कुणाच्या फाटकाशी किती वेळ रेंगाळला. आणि या ऑक्टोबरपासून तळघरातल्या बॉयलरचा दाब.

"सात वाजता शून्य पूर्णांक चार," तो न्याहारीच्या टेबलाशी येऊन जाहीर करी. "कमी दाबाचा पट्टा घरावर कायम आहे. येत्या चोवीस तासांत सुधारणेची चिन्हं नाहीत."

हे तो कुणाकडेही न बघता सांगे. वेधशाळेतही तो कुणाकडे बघून सांगत नसे, कारण तिथे कुणी नव्हतंच. पण इथे टेबलाशी त्याचा जावई दाम्यान बसलेला असे, आणि बॉयलर बसवला होता दाम्यानच्या बापाने, म्हणजे मिन्चोने.

चार वर्षांपूर्वी दाम्यानचं आणि वेलिझारच्या इलियानाचं लग्न ठरलं, तेव्हा वेलिझारने नव्या घराचा वरचा मजला दोघांना देऊन टाकला. मिन्चोकडे द्यायला मजला नव्हता. त्याच्याकडे होती चाळीस वर्षांची कारागिरी. अर्ध्या गावाच्या घरांत त्याने बसवलेले नळ होते. पोरगा घरजावई होतोय, तर निदान त्याच्या पायाखालची ऊब तरी बापाची असावी, असं म्हणून त्याने बॉयलर, अकरा रेडिएटर आणि तळघरापासून गच्चीपर्यंतचे सगळे नळ एका उन्हाळ्यात एकट्याने बसवले. त्याची बायको राद्का दुपारी त्याचं जेवण घेऊन यायची. तीन हिवाळे बॉयलरने हूं की चूं केलं नाही. त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात राद्का गेली. चौथ्या हिवाळ्यात बॉयलर बिघडला.

दुखणं साधं होतं आणि म्हणूनच डोक्यात जाणारं. सकाळी आग पेटली की काटा दीडवरून चढत चढत तीनला जाई. तीनला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडे आणि खालच्या बादलीत पाणी थुंके. रात्री आग विझून पाणी निवलं की काटा धाडकन कोसळे, कारण सकाळी थुंकलेलं पाणी आता कमी पडे. मग दाम्यान चावी सोडून पाणी भरे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रामायण.

असं झालं की संशय एकीवरच घ्यायचा असतो, तो म्हणजे लाल टाकीवर. तापलेलं पाणी फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते, म्हणून बॉयलरशेजारी भिंतीवर एक लाल टाकी टांगलेली असते. तिच्या पोटात रबराचा पडदा, पडद्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा. पाणी फुगलं की हवा सरकून जागा देते. पडदा फाटला किंवा हवा गेली की जागा संपली. मिन्चोने टाकीच्या बुडाशी सायकलच्या पंपाचा काटा लावून हवा तपासली. हवा ठीक होती. पडदाही ठीक होता. तरी त्याने टाकी बदलली. काटा तीनला गेला. त्याने नवी टाकीही बदलली. काटा तीनला गेला. सेफ्टी व्हॉल्व्ह तीनदा बदलला, रेडिएटरांचे सगळे सांधे उकलून पुन्हा ताग आणि सफेदा लावून आवळले. शेवटी कुठेतरी चोरून गळत असेल म्हणून अकराही रेडिएटरांखाली वर्तमानपत्रं पसरली. दोन दिवसांनी ती खडखडीत कोरडी निघाली. वेलिझारने ती मग वाचायला घेतली.

"वाया काही जाऊ नये," तो म्हणाला.

दर खेपेला विहीणबाई मिन्चोला जेवल्याशिवाय सोडत नसे. विहीणबाईंचं नाव झ्लात्का, आजोबा झ्लात्को यांच्यावरून ठेवलेलं, आणि आजोबांची घोड्यासारखी तब्येतही तिच्याकडेच आली होती. लाल टाकीच्या खालीच तिचं आंबवलेल्या कोबीचं पिंप होतं. मिन्चो तळघरात गुडघे टेकून बसे, ती पिंपात हात घालून कोबी काढी, आणि दोघंही उसासे टाकत. तिच्या उशाशी नवऱ्याची वही असे आणि मिन्चोच्या उशाशी कुणीच नसे, तरी त्यातल्या त्यात तिचाच उसासा मोठा, असं त्याला वाटे.

नोव्हेंबरअखेर इलियानाला मुलगा झाला आणि बॉयलरचं प्रकरण चिघळलं.

"व्याही, रीत सरळ आहे," मिन्चो म्हणाला. "पहिला नातू बापाच्या बापाचं नाव घेतो. मिन्चो."

"सून सासरी नांदायला गेली तर ती रीत," वेलिझार म्हणाला. "इथे पोरगाच नांदायला आलाय. ज्याचं छप्पर त्याचं नाव. वेलिझार."

"छप्पर तुमचं असेल. ऊब माझी आहे."

"ऊब? सकाळी सातला काटा शून्य पूर्णांक तीन होता. पोराला दोन टोप्या घातल्यात, एकावर एक. तिसरी विणायला घेतलीय."

"अहो, पुरे करा ना," झ्लात्का म्हणाली.

"मी फक्त निरीक्षण सांगितलं."

दाम्यानही तिथेच बसला होता. तो खुर्च्यांच्या कारखान्यात कामाला होता आणि घरीही खुर्चीसारखाच बसे, कुणी हलवलं तर हले. सासऱ्याचे टोमणे तो ऑक्टोबरपासून मुकाट गिळत होता. मिन्चोला ते बघवत नसे. पोराच्या मानेवर, कॉलरच्या वर, प्रत्येक टोमण्यागणिक लाली चढे, अगदी शाळेत असताना चढायची तशी.

"मला दोन्ही नावं आवडत नाहीत," इलियाना म्हणाली. "तुमचं तुम्ही ठरवा. आणि हळू बोला, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

म्हणून पोर बिननावाचंच राहिलं. सगळे त्याला 'तो' म्हणत, आणि त्याची काही तक्रार नव्हती.

वेलिझारने तोडगा काढला. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा. त्याआधी सलग सात दिवस काटा एकच्या खाली जाता कामा नये. आणि नुसतं तेवढ्यावर भागणार नाही, बिघाडाचं कारण सगळ्यांसमोर सांगायचं, पुराव्यासकट.

"कारणाशिवाय टिकलेला दाब म्हणजे योगायोग," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत मी योगायोग लिहिलेला नाही. तेव्हा कारण मालात निघो, पाण्यात निघो, देवाच्या मर्जीत निघो, नाव मिन्चो. पण तुमच्या हातच्या कामात निघालं, तर वेलिझार. ज्याचं काम गळतं त्याचं नाव पोराला चिकटवायचं नाही. कबूल?"

"कबूल," मिन्चो म्हणाला, कारण आपल्या हातच्या कामात काही निघणार नाही याची त्याला खात्री होती.

नावाचा एवढा हट्ट त्याने आयुष्यात कधी धरला नव्हता. राद्का होती तोवर गरजच पडली नाही. ती स्वयंपाकघरातून दिवसातून तीसदा तरी "मिन्चो!" म्हणून हाक मारायची, बहुतेक वेळा भांडायला. आता गावात त्याला सगळे उस्ताद म्हणत, दाम्यान बाबा म्हणे, वेलिझार व्याही म्हणे. दोन वर्षांत त्याच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. कुणीतरी कुणालातरी त्या नावाने जेवायला बोलवावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं ते नव्हतंच.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिन्चो त्यांच्याकडेच जेवायला होता. झ्लात्काने नाणं घालून भाजलेला गोल पाव मोडला. पहिला तुकडा देवाच्या आईचा, दुसरा घराचा, मग वयाप्रमाणे एकेकाचा. नाणं घराच्या तुकड्यात निघालं.

"घराचं नशीब उघडलं," वेलिझार म्हणाला. "बॉयलरचा तुकडा कुठला होता?"

दाम्यानची मान लाल झाली. झ्लात्काने नाणं पुसून भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे सरकवलं. "घराचं नाणं घराच्या आतच असायला हवं," ती म्हणाली. "बाहेर गेलं की उपयोग नाही."

जानेवारीचा पहिला शनिवार उजाडला तेव्हा मिन्चोच्या हाती काही नव्हतं. आज दुरुस्त झालं नाही तर सात दिवस भरणार नव्हते. तो तळघरात गेला तेव्हा वेलिझारने त्याच्या हातात वही दिली.

"वाचा. ऑक्टोबरपासून आजपर्यंत दोनशे शहाऐंशी नोंदी आहेत. तुमच्या कारागिरीचं चरित्र."

मिन्चोला ती वही चुलीत घालावीशी वाटली. पण बादलीवर बसून त्याने ती वाचायला घेतली, आणि अर्ध्या तासाने तो ताठ झाला. रोज काटा तीनला गेला होता, फक्त चार दिवस सोडून. त्या चारही दिवशी वेलिझारने बारीक अक्षरात लिहिलं होतं: जळणाच्या भुशाच्या गोळ्या ओल्या. आग मंद. झ्लात्काची कुरकुर. आणि त्या चारही दिवशी काटा दोनच्या वर गेला नव्हता, रात्री पुन्हा दीडवर येऊन बसला होता.

म्हणजे पाणी हळू तापलं तर त्याला जागा मिळत होती, पटकन तापलं तर मिळत नव्हती. टाकीत जागा होतीच. टाकीकडे जायची वाट अरुंद झाली होती.

"व्याही," मिन्चो म्हणाला, "वही चांगली ठेवलीत तुम्ही."

वेलिझारला हे अपेक्षित नव्हतं. तो वर निघून गेला.

मिन्चोने सायकलच्या पंपाचा काटा टाकीच्या बुडाशी लावला आणि आग मोठी केली. वीस मिनिटांत बॉयलरचा काटा अडीचवर गेला. टाकीचा काटा जागचा हलला नाही. एकाच नळाची दोन टोकं, आणि दोन आकडे. त्याने आग विझवली, पाणी सोडून दिलं आणि बॉयलर ते टाकी हा चार हातांचा नळ बघितला. आजवर दोन वेळा टाकी बदलली, ती टाकीजवळची नट सोडून. त्यावरचा एल्बो, जिथे पाऊण इंची नळ खाली वळतो आणि अर्धा इंची होतो, तो त्याने उघडलाच नव्हता. उघडायचं कारणच नव्हतं, तो सांधा कधी गळला नव्हता.

एल्बो उघडल्यावर आतून काळं पाणी पडलं. त्याच्या मागे, बरोबर त्या अरुंद काठावर, झाकण ठेवावं तसं एक नाणं आडवं बसलेलं होतं. मिन्चोने ते बाहेर काढून सदऱ्याला पुसलं. मधोमध भोक असलेलं जुनं चांदीचं नाणं. भोकात चिखल घट्ट बसला होता. तीन हिवाळे पाणी त्या भोकातून वाट काढत राहिलं, चौथ्या हिवाळ्यात भोक बुजलं. नळ निवला की परतणारं पाणी नाण्याला उचलून बाजूला करी आणि निवांत निघून जाई, म्हणून कधी पत्ता लागला नाही.

नाणं त्याने ओळखलं. राद्काच्या आईच्या लग्नातल्या माळेतलं होतं ते. अशी चौदा नाणी राद्काच्या पेटीत होती. ती गेल्यावर त्याने मोजली तेव्हा तेरा भरली होती, आणि त्याला वाटलं होतं आपलीच मोजण्यात चूक झाली.

मग त्याला तो उन्हाळा आठवला. तो या इथेच बसून ताग उलगडत होता. राद्का डबा घेऊन आली होती. बॉयलरचे दोन नळ वरच्या बाजूने अजून उघडे होते.

"हा नळ कुठे जातो?" तिने विचारलं होतं.

"सगळीकडे," तो मागे न बघता म्हणाला होता.

"सगळ्या खोल्यांत?"

"सगळ्या खोल्यांत. जेवण ठेव तिथे आणि उजेड अडवू नको."

तो उजव्या नळाबद्दल बोलत होता. ती टाकीकडे जाणाऱ्या डाव्या नळाशी उभी होती. परक्या घरात राहायला निघालेल्या आपल्या पोराचं नशीब घराच्या खोलीखोलीत फिरावं म्हणून तिने ते नाणं आत टाकलं, आणि ते जेमतेम दोन हात जाऊन अडकलं. तीन महिने दाम्यानने जे टोमणे खाल्ले ते तिच्या या आशीर्वादापायी. मिन्चो बादलीवर बसून राहिला. राद्कावर रागवावं असं त्याला क्षणभर वाटलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती खोलीत असल्यासारखी वाटली.

जिन्यावर पावलं वाजली. दुपारचे दोन झाले होते. मिन्चोने मूठ मिटली.

"सापडलं?" वेलिझारने विचारलं.

"सापडलं."

"काय?"

"आधी सात दिवस काटा बघा. मग सांगतो, पुराव्यासकट."

सात दिवस काटा दीडवर राहिला. सकाळी दीड, दुपारी एक पूर्णांक आठ, रात्री पुन्हा दीड. वेलिझारला जाहीर करण्यासारखं काही उरलं नाही. तो न्याहारीला नुसतीच न्याहारी करू लागला. झ्लात्काने तिसरी टोपी अर्धवट सोडली. बादली इतकी कोरडी पडली की कोंबडी तिच्यात अंडं घालून गेली.

त्या सात दिवसांत मिन्चो खिशातलं नाणं चाचपत हिंडला. खरं सांगितलं तर त्याचं काम निर्दोष ठरत होतं, आणि नाव त्याचंच. पण खरं सांगायचं म्हणजे ते नाणं टेबलावर ठेवायचं. दाम्यान ते बघताक्षणी ओळखणार, सारा हिवाळा आपण कशापायी खाली मान घालून बसलो ते त्याला कळणार. आणि वेलिझार काहीतरी बोलणार, निरीक्षण म्हणून. मेलेल्या राद्काच्या वेडेपणावर त्या टेबलाशी कुणी हसलेलं मिन्चोला सहन होणार नव्हतं. गंज धरला होता म्हणावं, तर चार वर्षांच्या नव्या नळात गंजाचा गोळा होत नाही हे वेलिझारलाही कळत होतं. त्याने तो पुडीत बांधून तपासायला पाठवला असता.

शुक्रवारी मिन्चोने घरी तागाचा एक बोळा वळला, काजळीच्या पाण्यात भिजत ठेवला, वर थोडा सफेदा चोपडला आणि चुलीशी वाळवला. चाळीस वर्षांत त्याने एकही काम वाईट केलं नव्हतं. हे पहिलंच, आणि तेही त्याने नीट केलं.

शनिवारी दुपारच्या जेवणाला सगळे जमले. घेवड्याचं सूप झालं, कोबी झाली, आलुबुखाऱ्याची दारू फिरली. वेलिझारने वही उघडली.

"कारण?" तो म्हणाला.

मिन्चोने कागदातला बोळा टेबलावर ठेवला. "टाकीच्या नळात राहिला होता. बसवताना माझ्याच हातून आत गेला असणार. चूक माझी."

दाम्यानने बापाकडे बघितलं. बापाच्या कामात कधी बोळा राहत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण तो खुर्चीसारखाच बसून राहिला.

"तुमच्या हातची," वेलिझार म्हणाला.

"माझ्या हातची."

"म्हणजे वेलिझार."

"म्हणजे वेलिझार. लिहा."

वेलिझारने लिहिलं. त्याचा चेहरा बघून मिन्चोला वाटलं, जिंकण्याची याला सवय नाही. जिंकल्यावर काय करायचं ते याला कुणी शिकवलेलं नाही. मिन्चोने आपला पेला संपवला, विहीणबाईंच्या सुपाची तारीफ केली आणि टोपी घालून घरी गेला. वाटेत त्याने एकदा स्वतःच्याच नावाने स्वतःला हाक मारून बघितली. ती काही त्याला जमली नाही.

रविवारी सकाळी सातला तो चर्चसाठी ठेवणीतला कोट घालून व्याह्यांच्या दाराशी आला. दार वेलिझारने उघडलं. त्याचे डोळे तांबारले होते.

"खाली या," तो म्हणाला.

तळघरात त्याने एक जुनी हिरवी वही मिन्चोपुढे धरली. "बोळा राहिला ती तारीख लिहायची म्हणून जुनी वही काढली. तारखेशिवाय चूक लिहिता येत नाही. वाचा."

मिन्चोने चष्मा लावला. अक्षर तेच, बारीक आणि सरळ.

*१४ ऑगस्ट. १४:००. तापमान ३१. वारा नाही. आकाश निरभ्र. तळघरात नळाचं काम चालू. विहीणबाईंनी डावीकडच्या नळात एक नाणं टाकलं. रडत होत्या. व्याही पाठमोरे होते. विचारलं नाही.*

मिन्चोने ते दोनदा वाचलं. नाण्याचं त्याला ठाऊकच होतं.

"रडत होती?" तो म्हणाला.

"लिहिलंय तसं."

"का?"

"विचारलं नाही. तेही लिहिलंय." वेलिझारने घसा खाकरला. "मी या जिन्यावर होतो. दोनची नोंद घ्यायला आलो होतो. नोंद घेतली आणि वर गेलो. सारा हिवाळा मी काटा बघत बसलो, पण ही वही काही उघडली नाही. दाम्यानला मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "नाव मी जिंकलोय ना?"

"जिंकलात."

"मग ते कुणाचं ठेवायचं तेही मीच ठरवीन. त्यात तुम्ही बोलायचं नाही. नाणं कुठंय?"

मिन्चोने ते खिशातून काढून दिलं. वेलिझारने त्यावर फुंकर मारून, भोकातून आरपार बघून ते आपल्या खिशात टाकलं. दोघं चर्चला गेले.

चर्चमध्ये थंडी होती, तिथले नळ मिन्चोने बसवलेले नव्हते. पाद्र्याने नाव विचारलं. पोराला धरून उभ्या असलेल्या मानलेल्या बापाने, बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याने, वेलिझारकडे बघितलं, आणि वेलिझारने सात वाजताची नोंद जाहीर करावी तशा आवाजात सांगितलं, "राद्को."

झ्लात्काने तोंडावर रुमाल धरला. इलियाना म्हणाली, "हे मला आवडलं." दाम्यानची मान कॉलरच्या वर लाल होत गेली, आणि मग तो आपण होऊन हलला, दोन पावलं चालत येऊन बापाच्या शेजारी उभा राहिला. पोराला तीनदा पाण्यात बुडवलं तेव्हा ते पहिल्यांदाच एवढ्या जोरात रडलं की पाद्र्यालाही थांबावं लागलं.

घरी पाहुण्यांची जेवणं चालू असताना दुपारचे दोन वाजले. वेलिझार उठला. मिन्चोही त्याच्या मागोमाग खाली गेला. वेलिझारने नाण्यात लाल दोरा ओवला होता. तो त्याने लाल टाकीवरच्या चावीला बांधला, बाहेरून, पाण्याच्या वाटेत येणार नाही असा. ते घराच्या आतच होतं, कुठे अडकण्याची भीती नव्हती. मग त्याने काटा बघितला, वही उघडली आणि पुटपुटत लिहायला लागला.

"चौदा वाजता. दाब दीड. बाहेर उणे चार. आकाश निरभ्र. राद्को झोपलेला."

त्याने वर बघितलं. मिन्चो बादलीवर बसला होता, ठेवणीतल्या कोटासकट, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वेलिझारने पेन्सिल वहीला टेकवली. मग ती काढून घेतली, वही मिटली आणि कोबीच्या पिंपावर ठेवली.

"का हो मिन्चो," त्याने विचारलं, "काय झालं?"

"ती माझ्या मागे दोन हातांवर उभी होती," मिन्चो म्हणाला. "आणि मी तिला म्हणालो, उजेड अडवू नको."

वेलिझार दुसरी बादली पालथी घालून त्याच्या शेजारी बसला. दोनची नोंद त्या दिवशी तेवढीच राहिली.